पहिल्यांदाच लेंट पाळताय? पुण्यातल्या नवख्यांसाठी, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत

दर वर्षी जानेवारी संपत आला की कोणी ना कोणी विचारतंच, ताई यंदा लेंट पाळायचाय पण नेमकं करायचं काय, सुरुवात कुठनं करायची. कोणी कॉलेजसाठी पुण्यात आलेलं असतं आणि पहिल्यांदाच एकटं राहत असतं, कोणाचं लग्न ख्रिस्ती घरात झालेलं असतं, कोणी लहानपणी आईचं बोट धरून चर्चला जायचं आणि नंतर वीस वर्षं तिकडे फिरकलेलंच नसतं. या सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहून काढते. माझं माहेर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं म्हणजे प्रोटेस्टंट, सासर कॅथलिक, त्यामुळे दोन्हीकडच्या पद्धती घरातच बघितल्यात. माहेरी पाळकसाहेब आणि उपासना, सासरी फादर आणि मिस्सा, माहेरी नुसतं लेंट म्हणायचे, सासरी उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ. नावं वेगळी, काळ तोच. येशू बाप्तिस्म्यानंतर चाळीस दिवस अरण्यात राहिला, उपाशी राहिला, मोहांना तोंड दिलं, त्याची ही आठवण, आणि त्याच्या दुःखसहनाकडे आणि पुनरुत्थानाकडे जाताना स्वतःला तयार करायचे हे दिवस.

प्रायश्चित्त या शब्दाला पुण्यात जरा वेगळा इतिहास आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे, चहाचा कप समोर आला आणि त्यावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण झालं, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण माहीत असते. त्यामुळे हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं कोणीतरी बाहेरून लादलेली शिक्षा. लेंटमधलं प्रायश्चित्त तसलं नाही हो. बायबलमध्ये पश्चात्तापासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, मेटानोइया, त्याचा अर्थ मन पालटणं. तुमचं मन कुठे चाललंय ते बघायचं आणि चुकीच्या रस्त्याला असेल तर वळायचं, आणि हे तुमच्याशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही. बाकी खाली जे सांगतेय ते सगळं या वळण्याला मदत म्हणून.

१. आधी कॅलेंडर उघडा

ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, दर वर्षी हलतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, म्हणूनच गुड फ्रायडेच्या आसपास रात्री आकाशात चांगला मोठा चंद्र असतो, बघा कधी. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे, झावळ्यांचा रविवार (पाम संडे) २१ मार्चला, गुड फ्रायडे २६ ला आणि ईस्टर २८ मार्चला. आता मोजलं तर बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस भरतात आणि सगळे विचारतात की मग चाळीस कसे. मधले सहा रविवार धरत नाहीत. प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच, त्या दिवशी उपास नाही. तुमचे शेजारी केरळचे सिरियन ख्रिश्चन असतील तर ते दोन दिवस आधी, सोमवारीच सुरू करतात आणि त्यांचे पन्नास दिवस, मांस मासे अंडी दूध सगळं बंद, त्यांच्याकडे बघून घाबरून जाऊ नका, त्यांची परंपरा वेगळी आहे.

काय करणार हे मंगळवारी रात्रीपर्यंत ठरवून कागदावर लिहा. बुधवारी सकाळी उठून ठरवू म्हणालात तर बुधवार जातो, मग वाटतं सोमवारपासून करू, मग पुढच्या वर्षी.

२. राखेच्या बुधवारी जाऊन या

एवढी एक गोष्ट घरी बसून होत नाही. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून ती राख केलेली असते, रांगेत पुढे जायचं, कपाळावर राखेने क्रूस काढतात आणि म्हणतात की तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार, किंवा पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. बस एवढंच. राख घ्यायला बाप्तिस्मा झालेलाच पाहिजे असं नाही, कोणीही रांगेत उभं राहू शकतं. कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, घेण्याची रांग वेगळी, तिथे मात्र तुम्ही कॅथलिक नसाल तर आपल्या जागेवर बसून प्रार्थना करायची, कोणाला वाईट वाटत नाही.

नोकरी करणाऱ्यांनी संध्याकाळची वेळ बघावी. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च, जिथे जागा सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात मिळाली आणि १७९२ पासून उपासना चालू आहे, रेसकोर्सजवळचं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल, कॅम्पातलं १८२५ चं सेंट मेरीज, गुरुवार पेठेकडचं पंचहौदचं पवित्र नाम देवालय, ही सगळी माहितीतली ठिकाणं. पण तुमच्या घराजवळचं छोटं चर्च असेल तर तेच उत्तम, कारण चाळीस दिवस जायचंय आणि संध्याकाळी सहाला स्वारगेटच्या ट्रॅफिकमधून कॅम्पात पोचायचं म्हणजे निम्मी भक्ती रस्त्यातच संपते. मराठी, इंग्रजी, कोंकणी, तमिळ अशा वेगवेगळ्या भाषांत उपासना असतात, वेळा चर्चच्या नोटीस बोर्डवर किंवा ऑफिसात विचारून घ्या.

राख पुसायची का नाही हा प्रश्न हमखास येतो. नियम काही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सकाळच्या मिस्साहून थेट ऑफिसला गेले, बसमध्ये शेजारच्या काकूंनी माझ्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, भस्म लावलंय होय, आज काही आहे का तुमचं. मी सांगितलं, आमचा उपवासाचा काळ सुरू झाला आजपासून, चाळीस दिवस. त्या म्हणाल्या, मग आज काय खाल्लं नसेल तुम्ही, आणि पर्समधनं दोन केळी काढून माझ्या हातात दिली. ती केळी मी संध्याकाळी खाल्ली. अजून त्या बाईंसाठी प्रार्थना करते मी दर राखेच्या बुधवारी.

३. काय सोडायचं

नवख्यांचा सगळा जोर इथेच असतो म्हणून सविस्तर सांगते.

कॅथलिकांचा नियम आधी. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस पूर्ण उपास, म्हणजे एकच पोटभर जेवण आणि बाकी दोन वेळा थोडंसं, दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. हा नियम १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षांपर्यंत. या दोन दिवशी आणि लेंटच्या शुक्रवारी मांस नाही, ते १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. मासे आणि अंडी चालतात. आजारी माणसं, गरोदर बायका, अंगावर पिणारं बाळ असलेल्या आया, अंगमेहनतीचं काम करणारे यांना सूट आहे, आणि शुगर किंवा बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर, मग उपास. प्रोटेस्टंटांकडे असा लिखित नियम नसतो, ज्याने त्याने ठरवायचं, पण आमच्या माहेरी शुक्रवारी मटण शिजल्याचं मला आठवत नाही.

आपल्या मराठी घरांत पुढचा प्रश्न, साबुदाणा चालतो का. चालतो, पण गरज नाही! लेंटमध्ये धान्य वर्ज्य नाही. उलट साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू आणि वर थालीपीठ म्हणजे एकादशी दुप्पट खाशी व्हायचं. पिठलं भाकरी, वरण भात, एक भाजी, हे सगळ्यात चांगलं. शुक्रवारी मांस नाही म्हणून सुरमईची थाळी खायला जाणं नियमात बसतं, पण तुमचं तुम्हालाच कळेल ना.

आता बाकीच्या दिवसांचं. मी पहिल्यांदा स्वतःच्या मनाने लेंट पाळला तेव्हा चहा सोडला, गोड सोडलं, मांसाहार पूर्ण बंद, फोन रात्री आठनंतर बंद, पहाटे पाचला उठून तासभर प्रार्थना, सगळं एकदम. तिसऱ्या दिवशी डोकं एवढं ठणकत होतं की उजेड सहन होईना, आणि मुलाने पाण्याचा ग्लास सांडला तर मी त्याच्यावर अशी ओरडले की तो टेबलाखाली जाऊन बसला. चार वर्षांचा होता. मी खाली वाकून बघितलं तर दोन्ही हातांनी कान धरून बसलेला. त्या दिवशी मला कळलं की मी सोडलं खूप काही पण त्या जागी काही ठेवलंच नव्हतं, आणि रिकाम्या जागेत चिडचिड येऊन बसली. सासूबाईंनी काही न बोलता चहा टाकला, माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाल्या, आधी हा घे, आणि मग एकच काहीतरी धर, पण सोडलंस की तिथे काय ठेवणारेस ते पण सांग मला. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण मी अजून प्रत्येकाला हेच सांगते.

म्हणून कागदाला दोन रकाने करा. डावीकडे काय सोडणार, उजवीकडे त्या जागी काय. संध्याकाळचा अमृततुल्यचा चहा सोडणार असाल तर तो वेळ आणि ते पैसे कुठे जाणार ते समोर लिहा. रात्री झोपताना रील्स बघणं सोडणार तर त्या वीस मिनिटांत काय करणार. उजवा रकाना भरता येत नसेल तर ती गोष्ट सोडूच नका, दुसरी निवडा. आणि निवडताना आपल्याला जे खरंच धरून बसलंय तेच निवडा, ज्याला चॉकलेट आवडतच नाही त्याने चॉकलेट सोडून काय उपयोग. माझ्या ओळखीतल्या एका माणसाने एका वर्षी फक्त गाडी चालवताना शिव्या देणं सोडलं, प्रत्येक वेळी शिवी तोंडावर आली की त्या समोरच्या माणसासाठी एक ओळीची प्रार्थना, आणि ते हडपसर ते हिंजवडी रोज जातात, म्हणजे विचार करा किती प्रार्थना झाल्या असतील.

४. प्रार्थनेचे वीस मिनिट

जागा एक ठरवा आणि वेळ एक ठरवा. मी मागच्या गॅलरीत बसते, सकाळी साडेपाच ते सहाच्या मध्ये कधीतरी, वॉशिंग मशीन आणि तुळशीच्या कुंडीच्या मध्ये एक प्लास्टिकचं स्टूल मावतं तेवढीच जागा. दूधवाल्याच्या गाडीचा आवाज येतो, खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर सुरू होतो, शांतता म्हणतात ती काही मिळत नाही. मिळायची वाट बघू नका.

काय वाचायचं, तर बायबलमधलं मार्ककृत शुभवर्तमान घ्या, येशूच्या आयुष्याची गोष्ट. सगळ्यात छोटं आहे, १६ अध्याय, रोज सतरा अठरा वचनं वाचली तरी चाळीस दिवसांत आरामात होतं आणि शेवटचे अध्याय बरोबर दुःखसहनाच्या आठवड्यात येतात. तेवढा भाग दोनदा वाचा, सावकाश. एखादं वाक्य अडकतं मनात, तिथेच थांबा. वहीत दोन ओळी लिहा, देवाशी बोलल्यासारख्या, छान मराठीत लिहायची काही गरज नाही. मन भरकटतं, गॅसचा नंबर लावायचा राहिला हे नेमकं तेव्हाच आठवतं, तर ते पण वहीच्या मागच्या पानावर लिहून टाका आणि परत या. शुक्रवारी ५१ वं स्तोत्र वाचा, दावीद राजाने स्वतःची चूक कळल्यावर केलेली प्रार्थना म्हणून ते ओळखलं जातं, आणि माणूस देवापुढे किती उघडा होऊ शकतो ते त्यात दिसतं.

रात्री पाच मिनिटं अजून. ही पद्धत सेंट इग्नेशियस लोयोला यांच्याकडून आलीय, सोळाव्या शतकातली, आणि अजून तितकीच उपयोगी. दिवसभरातल्या कशाकशासाठी आभार मानायचेत ते आठवायचं, मग सकाळपासूनचा दिवस एकेक करून डोळ्यांसमोर आणायचा, कुठे प्रेमाने वागलो, कुठे कोणाला लागेल असं बोललो, त्याबद्दल क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक गोष्ट मागायची. पहिल्या आठवड्यात काहीच सापडत नाही. दुसऱ्या आठवड्यात रोज तोच माणूस, तीच चिडचिड परत परत दिसायला लागते, आणि तिथेच खरं काम सुरू होतं.

कॅथलिक असाल तर या काळात एकदा पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपल्या चुका कबूल करायला जा. वर्षानुवर्षं गेला नसाल तर फादरांना सरळ सांगा की बऱ्याच वर्षांनी आलोय, विसरलोय कसं करायचं, ते हात धरल्यासारखं पुढे नेतात.

५. द्यायचं

उपास, प्रार्थना आणि दान, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू या तिघांबद्दल एकत्रच बोलतो आणि तिन्ही गुपचूप करा म्हणतो, उजवा हात काय देतोय ते डाव्याला कळू नये. म्हणजे फोटो नाही, स्टेटस नाही. यशयाच्या ५८ व्या अध्यायात तर सरळच सांगितलंय की देवाला आवडणारा उपास म्हणजे आपली भाकरी भुकेल्याला वाटून देणं.

आमच्या घरात एक पत्र्याचा जुना बिस्किटांचा डबा आहे, झाकणाला चीर पाडलेली. दिवसाला दोन चहा वाचले तर वीस रुपये, चाळीस दिवसांचे आठशे, एका घरातली तीन माणसं मिळून चोवीसशे होतात. हल्ली सुट्टे पैसे कोणाकडे नसतात, सगळं फोनवरूनच जातं, त्यामुळे राखेच्या बुधवारच्या आधी मी बँकेतून दहा दहाच्या नोटा आणून ठेवते, डब्यात हाताने नोट टाकण्यात जे आहे ते ट्रान्सफर करण्यात नाही असं मला तरी वाटतं. माझी आजी नगरची, तिच्याकडे डबा नव्हता, रोज भात लावताना ती एक मूठ तांदूळ पातेल्यातून परत काढायची आणि वेगळ्या मडक्यात टाकायची. आधी घरच्यांसाठी मापून घ्यायची आणि मग त्यातलीच मूठ काढायची, वरची नाही. म्हणजे तेवढं आपल्या ताटातलंच कमी व्हायचं.

कोणाला द्यायचं ते आधीपासून बघून ठेवा. चर्चमध्ये लेंटचा निधी असतो, त्यात द्या, किंवा ससूनच्या बाहेर गावाकडून आलेले पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात त्यांच्यासाठी डबे करा, किंवा सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीची फी बाकी असेल तर ती भरा. आणि एक देणं पैशाचं नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला फोन करा. मला हे करायला तीन लेंट लागले. तिसऱ्या वर्षी मी माझ्या भावाला फोन लावला, दोघंही पाच मिनिटं फक्त उन्हाळा किती वाढलाय यावरच बोललो, आणि फोन ठेवताना तो म्हणाला, आईची भाजणी अजून जमते का गं तुला.

६. शुक्रवारची क्रूसाची वाट

कॅथलिक चर्चमध्ये लेंटच्या शुक्रवारी संध्याकाळी ही भक्ती असते. भिंतीवर १४ चित्रं असतात, रोमी सुभेदार पिलाताने येशूला शिक्षा सुनावल्यापासून कबरेत ठेवेपर्यंत, एकेका चित्रापाशी थांबून प्रार्थना. लोक उभे राहतात, गुडघे टेकतात, तुम्ही शेजारच्याकडे बघून करा. साधारण अर्धा तास लागतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत याऐवजी घरोघरी प्रार्थनासभा होतात, कोणाच्या घरी आहे ते विचारा आणि खुशाल जा, नवीन माणूस आलं की आनंदच होतो सगळ्यांना. या दिवसांत वेदीवर जांभळं कापड दिसेल, फुलं नसतात, कॅथलिकांकडे आलेलुया हा स्तुतीचा घोष म्हणत नाहीत. लहान मुलांना हे आवर्जून दाखवा, त्यांना लगेच लक्षात येतं की काहीतरी वेगळं चाललंय.

७. मोडलं तर

मोडणारच. मध्ये ऑफिसची पार्टी येते, होळीची पुरणपोळी येते, शेजारच्यांच्या घरी गुढीपाडव्याचं श्रीखंड. कोणी प्रेमाने पुढे केलं तर घ्या, माणूस दुखावून उपास कशाला. आणि आळसाने किंवा मोहाने मोडलं तर रात्री देवाला तसं सांगा आणि सकाळी परत सुरू करा, चाळीसपैकी किती दिवस झाले हे मोजत बसू नका. २०२६ मध्ये लेंट आणि रमजान एकाच आठवड्यात सुरू झाले होते. आमच्या कोंढव्याच्या एका मैत्रिणीचा रोजा आणि माझा उपास, दोघी दुपारच्या सुट्टीत डबा न उघडता गच्चीवर बसायचो. तिच्याकडून मी एक शिकले, उपास आहे हे तोंडावर दिसू द्यायचं नाही.

८. शेवटचा आठवडा

या आठवड्यात बाकीची कामं शक्य तेवढी बाजूला ठेवा. झावळ्यांच्या रविवारी झावळी घरी आणा आणि वर्षभर जपून ठेवा, पुढच्या वर्षीची राख तिचीच. गुरुवारी संध्याकाळी पाय धुण्याचा विधी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण, आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणात सुरू झालेल्या विधीची आठवण. कॅथलिक चर्चमध्ये त्यानंतर वेदी पूर्ण उघडी करतात आणि लोक रात्री उशिरापर्यंत गप्प बसून राहतात. तिथे अर्धा तास तरी बसा. शुक्रवारी मिस्सा नसते, दुपारी दुःखसहनाचं वाचन आणि क्रूसाला वंदन असतं, प्रोटेस्टंट चर्चमध्ये बारा ते तीन उपासना, येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात मनन. बरेच जण पांढरे कपडे घालून येतात. पुण्याचं मार्च एप्रिलचं ऊन आणि पोटात काही नाही, त्यामुळे पाण्याची बाटली जवळ ठेवा, पाण्याने उपास मोडत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना पंख्याखालची जागा द्या.

शनिवार रिकामा असतो. दिवसभर चर्चमध्ये काही नाही, आणि रात्री अंधारात नवीन अग्नी पेटवून त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात, मग सगळ्यांच्या हातातल्या. माहेरी आम्ही पहाटेच्या उपासनेला जायचो, आणि जाण्याआधी आदल्या दिवशी कबरस्तानात जाऊन आजीच्या कबरेवर फुलं ठेवायचो.

त्या शनिवारी दुपारी आम्ही डबा उघडतो. हॉलमध्ये जमिनीवर पेपर पसरायचा, मुलगा झाकण काढतो, आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय पण हे काम अजून त्याचंच, दहाच्या नोटांचे गठ्ठे करतो आणि रबर लावतो. गेल्या वर्षी नोटांमध्ये एक चिठ्ठी निघाली, घडी घातलेली, त्याच्याच अक्षरात फक्त तारखा लिहिलेल्या, सात आठ असतील. मी विचारलं हे काय. म्हणाला, त्या दिवशी मी चहा प्यायलो होतो, त्याचे डबल टाकलेत, मोजताना धर.